बोरीपाशीचा खड्डा

आमच्या घराला डांबराचा वास होता. गावात कुणाच्या घराला कापसाचा असायचा, कुणाच्या गोठ्याचा, आमच्या घराला डांबराचा. बाबा मैलकुली होते, म्हणजे आर्णीकडून आमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याचे तीन मैल त्यांच्याकडे राखणीला होते. खड्ड्यांत मुरूम भरायचा, कडेचं गवत काढायचं, नाल्या मोकळ्या ठेवायच्या आणि वर्षातून एकदा कडेच्या झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. डांबराचं पिंप वरून क्वचितच यायचं, पण आलं की पुढचे पंधरा दिवस बाबांचं अंग, कपडे, पायतण सगळं काळं. माय त्यांना अंगणातच अडवायची. आधी मातीच्या तेलाने, म्हणजे रॉकेलने, हात, मग राखेने, मग साबणाच्या चिपटीने, आणि एवढं करून भाकरीला हात लावला की ती म्हणायचीच, "आली पाय डांबराची भाकर." बाबा हसून भाकर पुढे करायचे, "घे, खाऊन पाय, रस्त्यावानी टिकते."

सकाळी शाळेत निघताना मी अंगणात उभी राहून कान द्यायची. धुमसाचा आवाज यायचा. धुमस म्हणजे दांड्याला बसवलेला जड लोखंडी ठोकळा, मुरूम ठोकून बसवायला. तो आवाज किती लांबून येतो त्यावरून बाबा आज कुठे आहेत ते मला कळायचं. जवळ असले की मी वाट वाकडी करून जायची, आणि बाबा फावडं टेकवून मला रस्त्याची हकिकत सांगायचे. त्यांच्या खड्ड्यांना पत्ते होते. चिंचेपाशीचा, नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या, म्हणजे रपट्याच्या तोंडाचा, मास्तरच्या वावरासमोरचा, बोरीपाशीचा. संध्याकाळी जेवतानाही तेच. ताटात कण्या आणि अंबाडीची भाजी, आणि बाबा चिंतेने सांगताहेत, "बोरीपाशीचा वाढून राह्यला." माय म्हणायची, "त्याले जेवाले घालता काय तुमी तिकडे?" मुरूम मिळत नसे, ही खरी गोष्ट. मुकादमाला विचारलं की तो म्हणे, वरून आला की देतो. मग बाबा नाल्याकाठचा मुरूम स्वतः खणत, घमेल्याने डोक्यावर वाहत, आणि पहिल्या चांगल्या पावसात तो पुन्हा नाल्यात जाई. वर म्हणजे कुठे, हे मी बाबांना एकदा विचारलं होतं. त्यांनी खरंच आभाळाकडे पाहिलं, मग म्हणाले, "मलेबी नाही माहीत."

ते रोजंदारीवर होते. किती वर्षं, ते विचारू नका, मला आठवतं तेव्हापासून. त्या वर्षी मात्र रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी निघणार अशी बातमी होती, आणि मुकादमाने बाबांना सांगितलं होतं की तुझं नाव आहे. कायमला आमच्याकडे 'परमेंट' म्हणत. मायच्या तोंडी तो शब्द दिवसातून दहादा. परमेंट झालं की मागे एक खोली काढायची, तिचं दार कुठल्या बाजूला हेही तिने ठरवून ठेवलं होतं, आणि शेणाने सारवताना ती त्या जागेवर दार सोडून सारवायची. परमेंट झालं की मला पुसदला होस्टेलात ठेवायचं, मास्तरीण करायचं. सगळं त्या एका यादीवर येऊन थांबलेलं.

आणखी एक सांगून ठेवते. बाबा मोठेपणी वाचायला शिकले. विहाराच्या ओसरीवर संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरे, तिथे. वाचायचे सावकाश, ओठ हलवत, आणि वाचून झालेल्या प्रत्येक शब्दाखाली शिसपेन्सिलीने एक टिंब द्यायचे, म्हणजे नजर उचलली तर परत कुठे यायचं ते कळावं. शब्द समजला नाही तर टिंब नाही. समजेपर्यंत पेन्सिल तिथेच टेकलेली. आमच्या घरात येणारा प्रत्येक कागद, फुटाण्याच्या पुडीचासुद्धा, शेवटी टिंबांनी भरून जायचा. मी त्यांना हसायची. आता माझ्याच नजरेला ओळी सापडत नाहीत, तेव्हा हसणं कुठल्या कुठे गेलं.

त्या हंगामात देवरावकाकांची कापसाची गाडी रपट्यापाशी उलटली. देवरावकाका म्हणजे सरपंचांचे धाकटे भाऊ, गावातले बऱ्यापैकी शेतकरी. कापूस आर्णीला न्यायला पहाटे निघाले, रपट्याच्या तोंडाच्या खड्ड्यात चाक गेलं, जू मोडलं, आणि गाडी त्यांच्या पायावर आली. ओरडा ऐकून पहिले पोचले ते बाबा, कारण ते तिथेच पुढे काम करत होते. गाडी उचलून काकांना ओढून काढलं, दुसऱ्या गाडीत घातलं, आणि वाटभर त्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर धरून बसले. पाय मांडीखालून मोडला होता. बाबा परत आले तेव्हा सदऱ्याला रक्त आणि कापूस चिकटलेला होता. बाबा एवढंच म्हणाले, "परवाच भरला होता थो."

गावात मग रस्त्याचीच चर्चा. सरपंच नारायणराव आर्णीला जाऊन आले. एक कचेरी म्हणाली, हा रस्ता आमचा नाही, दुसऱ्या कचेरीचा. दुसरी म्हणाली, रपट्यापर्यंत आमचा, पुढचा माहीत नाही. पुन्हा गेले तर पहिली म्हणाली की तुम्ही लेखी काहीच दिलेलं नाही, सगळ्या गावाच्या सह्यांचा अर्ज आणा. आता अर्ज लिहायचा कोणी? गावचे मास्तर सुट्टीवर. ग्रामसेवकाचं अक्षर त्याचं त्यालाच लागायचं नाही. कुणीतरी म्हणालं, किसन मैलकुलीची पोरगी आहे ना, तिच्या अक्षराला तालुक्यात बक्षीस आहे.

म्हणून नारायणराव आमच्या घरी आले. हे वाक्य लिहायला किती सोपं आहे. आमचं घर बौद्धवाड्यात, गावाच्या पूर्वेला, आणि तोवर सरपंच कामासाठी वाड्याच्या तोंडाशी उभे राहून हाक मारत, घरात येत नसत. त्या दिवशी ते आत आले, खाटेवर बसले. बाबा उंबऱ्यावर बसले, स्वतःच्याच घरात. माय चूल फुंकत होती आणि कपाकडे पाहत होती, आमच्याकडे दोनच कप, एकाचा कान तुटलेला. तिने चांगला कप पुढे केला. नारायणरावांनी तो घेतला, बशीत ओतून प्याले, आणि वर म्हणाले, "चहा मस्त झाला वयनी." मायने ते ऐकलं आणि पदर डोक्यावर नीट केला. मला तर काय होतंय तेच कळेना. माझ्या अक्षराने सरपंचांना आमच्या खाटेवर बसवलं, एवढं मात्र कळलं आणि ते डोक्यात गेलं.

"लिव बाई," नारायणराव म्हणाले. "लिव का रस्ता लय खराब झाला. गाड्या पलटून राह्यल्या. बाळंतीन बाईले न्याची तं वाटेतच होते. मुरूम टाका, डांबर टाका, रपटा दुरुस्त करा. बस. एवढं लिव, तुह्या भाषेत." ते सांगत होते आणि मी त्याचं पुस्तकी मराठी करत होते. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, सविनय निवेदन. शाळेत अर्जलेखन मला फार आवडायचं. नदीचं वर्णन सगळेच करत, अर्ज मात्र मलाच जमायचा. खड्ड्यांचे पत्ते मी बाबांच्या तोंडचे घातले. कच्चा खर्डा झाला, मी वाचून दाखवला, नारायणरावांनी मान डोलावली. "वकिलाच्या वरताण लिवलं पोरीनं," म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर मी खर्डा पुन्हा पाहिला आणि मला तो अर्धवट वाटला. आमच्या बाईंनी शिकवलं होतं की तक्रारअर्जाचा शेवट कसा असतो. पाण्याचा नळ असो, दिवाबत्ती असो, वेळेवर न येणारी बस असो, शेवट एकच. आम्ही तो पाठच केला होता. तेव्हा तळाला जागा होती तिथे मी लिहून टाकलं: तरी या प्रकरणी चौकशी होऊन कामात हयगय करणाऱ्या संबंधित कर्मचाऱ्यांवर योग्य ती कारवाई व्हावी, ही नम्र विनंती. लिहिताना माझ्या मनात कुणीही नव्हतं. कर्मचारी म्हणजे मला वाटायचं पांढरा शर्ट घातलेला कुणीतरी, पंख्याखाली बसलेला, मुरूम न पाठवणारा. डांबराचे हात अंगणात धुणारा माणूस कर्मचारी असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आज सांगताना हे कुणाला पटत नाही. माझ्या मुलीलाही पटत नाही. ती म्हणते, एवढी हुशार होतीस ना? होते. हुशारीनेच तर लिहिलं.

दिवेलागणीला बाबांनी खर्डा मागितला. शिसपेन्सिल घेऊन ओसरीवर बसले. मी आत मायबरोबर तुरीचे सोले सोलत होते, अर्धे टोपलीत, अर्धे तोंडात. बराच वेळ झाला. मग त्यांनी हाक मारली. मी गेले तर पेन्सिल कागदाच्या मधोमध टेकलेली होती. "शालू, चिंचेपाशीचा हाय, रपट्याचा हाय, मास्तरचा हाय. बोरीपाशीचा राह्यला."

"राहू द्या ना बाबा, तीन आहेत ना."

"काहून राहू देवाचा? सगळ्यात खोल तोच हाय. लिव."

मी ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात बोरीचा खड्डा घुसवला. तेवढ्यात मायने जेवायला हाक मारली, मी आत पळाले, आणि मागून बाबाही कागद उलटा ठेवून आले. कागद उलटा ठेवला, हे मला पक्कं आठवतं. पुढे कित्येक वर्षं मी हीच आठवण जपली. ते मधोमध होते, शेवटापर्यंत पोचलेच नव्हते, कण्या गरम होत्या म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी मी पक्की प्रत केली आणि सह्या सुरू झाल्या. सह्यांची आमच्या गावची रीत अशी की वरच्याने सही केली का, एवढंच पाहायचं. मजकूर वाचणं म्हणजे सरपंचावर अविश्वास दाखवणं. पहिली सही नारायणरावांची, दुसरी देवरावकाकांची, पाटावर पाय लांब करून केलेली. मग घरोघरी. कुणी सही, कुणी अंगठा. मी शाईचं पॅड घेऊन मिरवत होते. बाबांनी रस्त्यावरच सही केली. कागद फावड्याच्या पात्यावर ठेवून, जोर देऊन, किसन, पुढे वडिलांचं नाव. हात पुसून घेतले होते तरी कोपऱ्यावर डांबराचा ठसा उमटला. मी चिडले, "बाबा, कागद खराब केला." ते म्हणाले, "रस्त्याचाच कागद हाय, बाई."

महिन्याभराने जीप आली. साहेब, सोबत एक कारकून, आणि मागे मुकादम, तो कुणाकडेच पाहत नव्हता. ग्रामपंचायतीसमोर खुर्ची मांडली, गाव जमलं. पोरीचं अक्षर साहेब पाहतील म्हणून माय मलाही घेऊन गेली होती. साहेबांनी तांबडी पेन्सिल काढली आणि विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

"रस्त्याविरुद्ध, साहेब," नारायणराव म्हणाले.

"रस्त्यावर कारवाई करता येत नाही. तुम्ही लिहिलं आहे, हयगय करणाऱ्या संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई. या भागाचा कर्मचारी कोण?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले, कारण असं काही आपण लिहिलंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं. नारायणराव माझ्याकडे नाही, आभाळाकडे पाहत आठवत होते. मला अजूनही समजलं नव्हतं. बाबा मागच्या रांगेतून उठले तेव्हा वाटलं, ते मुरमाचं सांगायला उठले.

"मी हाव साहेब," बाबा म्हणाले.

साहेबांनी सह्यांवरून पेन्सिल फिरवली. "किसन. ही सही कोणाची?"

"माही."

"म्हणजे तुझी तुझ्याचविरुद्ध तक्रार आहे?"

कुणीतरी फिसकन हसलं. "खड्डे हायेत, साहेब," बाबा म्हणाले. "बोरीपाशीचा लय खोल हाय. पाहून या, दाखवतो."

साहेबांचाही गोंधळ झाला असावा. माणूस भला वाटला, पण समोर छापील नमुना होता आणि त्यात रकाने होते. त्यांनी कारकुनाला सांगितलं, लिहा, कर्मचाऱ्याने त्रुटी मान्य केली. तेव्हा कुठे गावाला जाग आली. देवरावकाका काठीवर उभे राहिले, "तसं नाही साहेब! ह्या मानसानं मले गाडीखालून काहाडलं! मुरूमच नाही येत तं हा काय आपलं हाड टाकन खड्ड्यात?" नारायणराव म्हणाले, आम्ही अर्ज मागे घेतो. साहेब म्हणाले, आवक झालेला अर्ज मागे घेता येत नाही. अख्खं गाव एकदम बोलत होतं आणि त्या कल्लोळात बाबा साहेबांना घेऊन बोरीकडे निघालेही होते. पुढे बाबा, मागे साहेब, खड्डा दाखवायला.

मायने माझा दंड धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही. "ते कारवाईचं कोनं लिवलं?"

मी म्हटलं, "सरपंचांनी सांगितलं होतं."

एवढंच. तीन शब्द. विचार करून खोटं बोलले असते तर निदान ते माझं झालं असतं. ते आपोआप आलं, अर्जाच्या शेवटासारखंच. मायने चुलीजवळचा तो चांगला कप उचलला, अंगणात नेऊन दगडावर आपटला आणि आत येऊन भाकरी थापायला बसली. त्यानंतर ती नारायणरावांच्या घरच्या कुणाशी बोलली नाही, मरेपर्यंत. माझं म्हणणं कानावर गेलं तसे ते दोन दिवसांनी स्वतः आले. या वेळी आत आले नाहीत, अंगणात उभे राहिले, टोपी हातात. बाबांना म्हणाले, "किसना, मले याद नाही बा, पन माह्याच तोंडातून निंघालं असन. पोरगी कायले खोटं बोलन? माफ कर." मी दाराआड होते. बाबा काय म्हणतात याची मी वाट पाहत होते, कारण नारायणराव अर्ज सांगत होते तेव्हा बाबा उंबऱ्यावर बसलेले होते, शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता. बाबा एवढंच म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. मुरूम येऊन राह्यला, म्हनते."

आणि मुरूम आला. याचं काय करायचं मला कधी समजलं नाही. तीन आठवड्यांत मुरमाचे ट्रक आले, डांबराची पिंपं आली, लाकडं पेटवून डांबर उकळायला लागलं, सात-आठ माणसं कामाला. आयुष्यभर बाबांनी जे मागितलं ते सगळं एका अर्जाने आलं. ते त्या टोळीबरोबर काम करत होते आणि इतके खुशीत होते की माय त्यांना वेडं म्हणाली. बोरीपाशीचा खड्डा त्यांनी दुसऱ्या कुणाला भरू दिला नाही. स्वतः खणून, थर देऊन, धुमसाने ठोकून, वर डांबर. मग मला शाळेतून येताना थांबवलं. "उभी राय बरं इथं. नाच." मी नाचले. रडत नाचले का, ते आठवत नाही.

काम संपलं त्या आठवड्यात त्यांच्या हाती कागद आला. फुलसावंगीच्या बाजूला बदली, आणि कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव खाली. नीट झालेल्या रस्त्यावरून ते सायकलीने गेले, धुमस कॅरिअरला बांधून. महिन्यातून दोनदा यायचे. माझं पुसद एक वर्ष लांबलं, त्या वर्षी मी मायबरोबर कापूस वेचायला गेले. मागच्या खोलीची जागा ती तशीच सारवत राहिली. गावातले लोक मात्र कधी नव्हे इतके चांगले वागायला लागले. कुणी तुरीच्या शेंगा आणून द्यायचं, देवरावकाका दर हंगामात शेंगदाण्याचं पोतं पाठवायचे. पण रस्त्याचा विषय आमच्या अंगणात कुणी काढत नसे, आणि रस्ता असा गुळगुळीत की ज्याचा त्याला आनंद. बाबा परमेंट झाले, पण मी शिक्षिका झाल्यानंतर, निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना. पेढे त्यांनीच वाटले. नारायणराव तेव्हा हयात नव्हते.

आता मी परत गावातच राहते, त्याच जागेवरच्या घरात, मागे खोली काढून. दार मायने ठरवलं होतं त्याच बाजूला आहे. रस्ता रुंद होऊन सिमेंटचा झाला. चिंच गेली, बोर गेली, पट्टे मारायला झाडंच नाहीत. खड्डे नाहीत म्हणून गाड्या अशा सुटतात की शाळा सुटायच्या वेळी बाया दोन्हीकडे हात पसरून उभ्या राहतात. ना गतिरोधक, ना दिवा, आणि रपट्याच्या जागी झालेल्या पुलाला एका बाजूचा कठडाच नाही. रस्ता कुणाचा, तर या कचेरीचा नाही, त्या कचेरीचाही नाही, कंत्राटदाराकडे आहे म्हणतात.

परवा प्रतिभा आली. ती सध्या आमची सरपंच, नारायणरावांची नातसून, चुणचुणीत बाई. अर्ज टाईप करून आणला होता. "मॅडम, जरा भाषा पाहून द्या. आमचं म्हणजे कसं, मोबाईलवरून उचललेलं हाय." मी चष्मा लावला, शिसपेन्सिल घेतली आणि सवयीने वाचू लागले. ही सवय मला अलीकडेच लागली. खालच्या ओळीत होतं: संबंधित दोषींवर कठोर कारवाई करण्यात यावी. पेन्सिल तिथे थांबली.

बाबा गेले तेव्हा त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. तिच्यात बदलीचे कागद होते, वर्गाचं पहिलं पुस्तक होतं आणि तळाला चौघडी केलेला माझा खर्डा. टिंब, टिंब, टिंब. महोदयखाली टिंब, सविनयखाली टिंब. मधोमध, बोरीच्या बारीक अक्षरांपाशी, पेन्सिल टेकल्याची खूण. मला वाटलं, टिंबं इथे थांबतील. थांबली नव्हती. चौकशी, टिंब. हयगय, टिंब. संबंधित. कर्मचाऱ्यांवर. या शब्दाखाली पेन्सिल इतका वेळ टेकली होती की कागदाला भोक पडलं होतं, आणि त्या भोकाच्या बाजूला टिंब. जेवल्यानंतर पुन्हा बसले असतील. किंवा पहाटे, आम्ही उठायच्या आत. ते शेवटापर्यंत पोचले होते, समजल्याशिवाय टिंब देत नसत, आणि दुसऱ्या दिवशी फावड्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली. का, ते मला माहीत नाही. मुरूम येईल म्हणून? पोरीने लिहिलं ते खोडायचं कसं म्हणून? की रोजंदारीवाल्याला कर्मचारी कोण म्हणतं, असं वाटलं? सगळी उत्तरं मी लावून पाहिली आहेत. एकही नीट बसत नाही.

"मॅडम, काही चुकलं का?" प्रतिभाने विचारलं.

मी तिला सांगितलं. ते वाक्य तुझ्या आजेसासऱ्यांनी सांगितलं नव्हतं. मी लिहिलं आणि त्यांच्यावर ढकललं. तिने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "ते अंथरुणावर होते ना, तवा बी म्हनत. सासूबाई सांगते. माह्या तोंडानं किसनाचा घात झाला, म्हनत." इतकी वर्षं मला वाटत होतं की मी फक्त बाबांचं काहीतरी घेतलं.

मी उठून खर्डा आणला. तिने तो मांडीवर उलगडला आणि टिंबांवरून बोट फिरवत गेली, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत, भोकापाशी थांबली. "म्हनजे त्याईले माहीत होतं," ती म्हणाली. मी मान हलवली. तिने आपला टाईप केलेला कागद पुन्हा वाचला.

"मॅडम, आता आपल्या रस्त्यावर कामाले कोन मानूस असते?"

"मला नाही माहीत."

"मलेबी नाही."

अर्ज तिने तिथेच टेबलावर ठेवला, त्यावर पेन्सिल ठेवली, आणि आम्ही दोघी चपला घालून रस्त्यावर त्या माणसाला शोधायला निघालो.